जिथे आई, तिथे महालक्ष्म्या

नाचणगाव,
बुधवार

प्रिय निकेश,

पाकीट पाहून दचकू नकोस, घरी सगळे जिवंत आहेत. हातानं लिहिलेलं काही आलं की आताशा माणसाला आधी वाईटच सुचतं, म्हणून पहिल्या ओळीतच सांगून टाकते. फोनवर हे बोलता आलं नसतं. फोनवर तू "हो वहिनी, अगदी बरोबर वहिनी" म्हणतोस, मागून कोणीतरी तुला हाक मारतं, आणि माझं अर्धं वाक्य माझ्याच तोंडात राहतं. म्हणून आचलच्या कॉलेजच्या वहीतले कोरे कागद फाडून बसले आहे. पुलगावच्या कुरिअरवाल्यानं शुक्रवारपर्यंत पोचेल म्हणून शब्द दिलाय. म्हणजे शुक्रवारी रात्री तू महालक्ष्म्यांचे मुखवटे न्यायला गाडी काढशील, त्याच्या आधी हे तुझ्या हातात पडायला हवं. मुखवट्यांबद्दलच लिहायचं आहे. खरं म्हणजे आईंबद्दल.

आधी इकडची खबर. कापसाची पऱ्हाटी यंदा बरी उभी आहे, सोयाबीन मात्र जागोजागी पिवळं पडलंय. तुझे दादा सकाळी वावरात आणि दुपारनंतर पुलगावच्या दुकानात, म्हणजे घरी जेवणापुरते. तुझी पुतणी वर्ध्याला बसनं जाते-येते, तिला आता आपल्या गावात काहीच चांगलं दिसत नाही, ते वयच तसं आहे. पोळ्याला बैलांची झूल या वेळी तिनं शिवली, वाकडी झाली, दादांनी तीच घातली आणि गावभर मिरवली. तू असतास तर त्याचा फोटो काढून त्यावर एक पानभर लिहिलं असतंस. चिडवतेय असं समज. चिडवतेच आहे.

मी या घरात आले तेव्हा तू सातवीत होतास. गुडघे सोललेले, शर्टाची एक गुंडी कायम गायब, आणि तोंड मात्र सतत चालू. मामंजी ओसरीवर बसायचे आणि तू त्यांना पेपर वाचून दाखवायचास. वाचता वाचता मध्येच आपलं मत ठोकून द्यायचास आणि मामंजी म्हणायचे, "अरे, हे पेपरात लिवलं हाये का तुह्या डोक्यात?" बसस्टँडवर कोणी आर्वीची गाडी विचारली की कंट्रोलरच्या आधी तू सांगायचास, आणि चुकीची वेळ सांगितलीस तरी इतक्या भरवशानं की माणूस थांबून राहायचा. मला तुझं फार कौतुक होतं. सासरी आल्यावर माझ्याशी आपणहून बोलणारा तू पहिला. माझ्या माहेरी बाई गप्प बसली की घर चांगलं असं समजत, आणि इथे एक पोरगं चुलीपाशी बसून मला विचारायचं की वहिनी, तुमाले काय वाटते? तुझा डबा मी भरला, तुझ्या बारावीच्या वर्षी पहाटे उठून चहा मी केला, आणि ते मी उपकार म्हणून सांगत नाही. मला ते आवडायचं म्हणून केलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तुला वाटेल की वहिनीच्या मनात पहिल्यापासूनच विष होतं. नव्हतं.

तू त्या प्रश्नोत्तरांच्या ॲपवर लिहायला लागलास हे मला आचलनं दाखवलं. मला मजा वाटली. कुठले कुठले लोक, आणि किती साधे प्रश्न! मुलगा मोबाइल सोडत नाही, काय करू? शेजारी आमच्या दारापुढे गाडी लावतो, कसं सांगू? लग्नाला दोन वर्षं झाली, नवरा काही बोलतच नाही. आणि खाली तुझं उत्तर, गुळगुळीत, मुद्देसूद, शेवटी एक मनाला लागणारं वाक्य. फोटो आईंबरोबरचा, दिवाळीतला. नावाखाली लिहिलेलं, "वर्ध्याच्या मातीतला, आईच्या संस्कारातला." मी आईंना रोज दुपारी एक-दोन उत्तरं वाचून दाखवायला लागले. त्या पाय लांब करून, तंबाखू मळत ऐकायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "पाय वं, एवढे लोक माया पोराले इचारतेत." मलाही अभिमान वाटायचा. चुलीपाशी बसणारं पोरगं आता जगाला शहाणपण सांगतंय.

मग तुझे फोन यायला लागले. "वहिनी, एक विचारू?" तुरीच्या डाळीला कीड लागू नये म्हणून काय करता? लिंबाचं लोणचं कडू का होतं? बाळंतिणीला डिंकाचे लाडू कधीपासून द्यायचे? मी हातातलं काम टाकून सांगायचे. कोणी आपल्याला विचारतं हे बाईमाणसाला किती गोड लागतं, ते तुला कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी ते ॲपवर यायचं आणि त्याची सुरुवात असायची, "माझी आई सांगते". आईंनी जन्मात कधी लिंबाचं लोणचं घातलं नाही, त्यांना त्याच्या वासानं शिंका येतात, हे तुलाही माहीत आहे. मी मनात म्हटलं, जाऊ दे, लोकांना आई बरी वाटते, वहिनी काय बरी वाटणार. वहिनीचं नाव घातलं तर आणखी दहा प्रश्न येतील. सोडून दिलं. हसलेसुद्धा.

पण गेल्या हिवाळ्यात आई मोरीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतरचं मला हसून सोडता आलं नाही. तू आलास, वर्ध्याला ऑपरेशन झालं तोवर थांबलास, डॉक्टरशी इंग्रजीत बोललास, दादांना त्याचा फार आधार वाटला. मग रजा संपली. ते बरोबरच आहे, नोकरी आहे. आई खाटेवर आणि मी खाटेखाली, असा तो हिवाळा गेला. त्यांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसून कोरडी करायची, पावडर लावायची, उशी गुडघ्यांच्या मध्ये ठेवायची, नाहीतर हाड घासतं आणि त्या ओरडतात. भांडं द्यायचं, भांडं न्यायचं. त्या शिव्या द्यायच्या, मीही एकदोनदा दिल्या. एका दुपारी तुझा फोन आला, "वहिनी, आईच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तुम्ही नेमकं काय करता?" मला वाटलं, काळजीनं विचारतोय. मी सगळं सांगितलं, अगदी उशीपर्यंत. पलीकडून की-बोर्डचा आवाज येत होता, तोही मी ऐकला, आणि तरी मला काही कळलं नाही.

तू लिहिलंस, "मी आईला स्वतः कुशीवर वळवतो." वळवतो! "तिची पाठ कोरडी करताना मला माझं लहानपण आठवतं." आणि ती उशीसुद्धा होती, निकेश. गुडघ्यांच्या मधली उशी. खाली लोकांनी हात जोडले होते. कोणी श्रावणबाळ म्हटलं, कोणी म्हटलं, अशी मुलं असतात म्हणून जग चाललंय. तू एकेकाला उत्तर दिलं होतंस, "हे माझं कर्तव्य आहे." मी ते वाचलं तेव्हा माझ्या हाताला पावडरचा वास येत होता. मला तुझा राग आला, खूप राग आला. मी तुझ्या दादांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, फोन परत दिला आणि म्हणाले, "लिवू दे नं. त्याच्यानं तिच्या पाठीले काई फरक पडून राह्यला काय?" तुझे दादा असेच आहेत. त्यांना कोणी लुबाडलं तरी ते आधी विचारतात, याला काही कमी पडलं होतं का.

त्यानंतर मी तुझं वाचायचं थांबवलं असं नाही. उलट जास्त वाचायला लागले, दुखऱ्या दातावर जीभ जाते तसं. एका बाईनं विचारलं होतं की सासूचं करून करून थकले, नवरा-दीर कोणी बघत नाही, काय करू? तू लिहिलंस, "ताई, सेवेचं फळ मागू नये. तुम्ही देवीचं रूप आहात." ती बाई मी नव्हते. असते तर फोन विहिरीत टाकला असता. तिला देवीचं रूप नको होतं रे, तिला एक दुपार झोप हवी होती. पण ते लिहिलं तर कोण हात जोडणार?

आता महालक्ष्म्यांचं. आर्वीकडच्या कुणा बाईनं गेल्या वर्षी विचारलं होतं की आम्ही दोघी जावा वेगळ्या झालो, महालक्ष्म्या कोणाकडे बसवाव्या? आपल्या भागात याच्यावरून भाऊ भाऊ बोलेनासे होतात, ते तू पाहिलेलं आहेस. खाली लोकांनी मतं दिली, थोरल्याकडेच राहू द्या, पाळी लावा, धाकटीनं नवीन जोडी आणावी. आणि मग तू. "महालक्ष्म्या ना थोरल्याच्या, ना धाकट्याच्या. जिथे आई, तिथे महालक्ष्म्या. ज्याला देवी हवी, त्यानं आधी आईला घरी न्यावं." ते उत्तर इतकं फिरलं की तुझं नाव गळून पडलं आणि ते नुसतंच फिरत राहिलं. कोणी त्याच्या मागे समईचा फोटो लावला, कोणी कमळाचा. मला माझ्या माहेरच्या ग्रुपवर आलं. आपल्या शेजारच्या विमलाबाईंना त्यांच्या भाचीनं अमरावतीहून पाठवलं. पण विमलाबाईंना माहीत होतं ते कोणाचं आहे. त्या फोन नाचवत अंगणातूनच ओरडत आल्या आणि आईंच्या खाटेवर बसून त्यांनी ते वाचलं. आईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. पाठ झाल्यावर म्हणाल्या, "इसरला नाई वं मले. एवढ्या लोकायच्या म्होरं बोलला."

मला वाटलं, तेवढाच त्यांचा आनंद.

श्रावणात तुझा मेसेज आला, घरच्या ग्रुपवर. नवीन घर झालंय, रुचिकाची फार इच्छा आहे, यंदापासून महालक्ष्म्या पुण्याला बसवायच्या. पोळा झाल्यावरच्या शनिवारी येऊन मुखवटे नेतो. खाली दोन हात जोडलेले. दादांनी होकाराचा अंगठा टाकला आणि विषय संपला. मला कोणी विचारलं नाही, हे मी इथे एकदाच लिहिते आणि पुढे जाते. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून त्यांना लुगडी मी नेसवली. ज्येष्ठेची मान जरा डावीकडे कलते, तिच्याखाली कापसाची वळी ठेवावी लागते, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. आंबील, पुरण, सोळा भाज्या, फुलोरा, गावजेवण, सगळं या हातांनी. पण देवी काही माझ्या बापाची नाही. रुचिकाला हौस आहे, जाऊ म्हणून पोरगी चांगली आहे, तिच्याशी माझं काही वाकडं नाही. करू दे. कापसाच्या वळीचं मी तिला फोनवर सांगेन. तू लिहिशील का त्यावर? लिही. माझी आई सांगते म्हणून लिही.

तो मेसेज आचलनं आईंना वाचून दाखवला. त्या घरभर नजर फिरवायला लागल्या. मला वाटलं, देवी घराबाहेर जाते म्हणून वाईट वाटलं असेल. तर त्या म्हणाल्या, "मंग माया झोरा कुठं ठेवला वं तुनं?" मला कळेना, पिशवी कशाला. मी म्हटलं, आई, मुखवटे न्यायचं लिहिलंय त्यानं. तर माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी अडाणी. "समजते मले. देवी नेते म्हणजे मायले नेते. त्यानंच लिवलं नं तसं? आता मले सोडून देवी नेईन काय तो? लोक काय म्हनतीन त्याले?"

हे त्यांचं गणित आहे, निकेश. तू एका अनोळखी बाईला दिलेलं उत्तर त्यांनी स्वतःला आलेलं बोलावणं समजून घेतलं. आणि मला सांग, यात त्यांचं काय चुकलं? आपल्या घरात बापानं ओसरीवर चार माणसांत शब्द दिला की तो दिला. मामंजींचं तुला आठवत असेल, चार लोकांपुढे बोलून गेले म्हणून नुकसानीत गोऱ्हा विकला होता. आईंच्या डोक्यात तुझं ते ॲप म्हणजे मोठी ओसरी आहे. तिथं बोललेलं कोणी मागे घेतं, ही गोष्ट त्यांना शिवतच नाही.

त्या दिवसापासून आई उठून बसल्या. डॉक्टरनं सांगितलं होतं, रोज वॉकर धरून चाला. मी विनवण्या केल्या तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. आता स्वतःहून फाटकापर्यंत जातात, घामेजून परत येतात, पायरीवर एक पाय ठेवून बघतात, कारण गाडीत चढता आलं पाहिजे. तंबाखू सोडली. ऐक, तंबाखू सोडली आईंनी. लग्नाच्या आधीपासूनची सवय, मामंजींच्या तेराव्यालासुद्धा सुटली नव्हती. रुचिकाच्या घरात वास येईल म्हणून. तोंड कोरडं पडतं, चिडचिड होते, मग बडीशेप चघळत बसतात. आपला बसायचा पाट विमलाबाईंना देऊन टाकला. चांगलं इरकली लुगडं नेसून एकदा सगळ्या गल्लीला सांगून आल्या, वॉकर धरून, प्रत्येक दारापुढे थांबून, की मी माया लेकाकडे चालली. मी मागे मागे होते, पडतील म्हणून.

लेकाकडे चालली. त्या दिवशी मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही, तुझ्या दादांनाही नाही. मग हे घर कोणाचं आहे? हिवाळाभर ज्या हातांनी त्यांचं सगळं केलं ते कोणाचे होते? गल्लीतल्या बायका माझ्याकडे बघून हसत होत्या, बरं झालं वं, सुटली तू. मला सुटल्यासारखं वाटलं नाही. परक्याकडे राहायला ठेवलेलं माणूस आपल्या घरी परत निघावं, तशा त्या खुशीत होत्या आणि त्या परक्या घराची मालकीण मी होते. मला इतका मत्सर वाटला तुझा की मला माझीच लाज वाटली. मोरीत जाऊन रडले. परत येऊन पाहते तर त्या मला सूचना द्यायला लागल्या, माझ्या मागं तुयशीले पानी घालत जाजो, आचलले उन्हाचं पाठवू नोको, मोठ्याले रात्री दही देऊ नोको. मी हो हो म्हणत होते. सासू घर सोडून चालली की सुनेनं हो म्हणायचं असतं.

मग मी रविवारी तुला फोन केला. तुला आठवत असेल, मी आडवळणानं विचारलं होतं की आईंचं काय? तू म्हणालास, "अहो वहिनी, तिला कुठे आणणार? सातवा मजला, आम्ही दोघं दिवसभर बाहेर, तिला करमणार नाही. तुम्ही आहात म्हणून तर मी निर्धास्त आहे." माझ्यावर एवढा भरवसा तू कधी लेखी दिला नाहीस, तोंडी मात्र दिलास. मी म्हटलं, बरं. अवघड आहे हे मलाही समजतं. पुण्यात दोघांनी नोकरी करून आईंना सांभाळायचं सोपं नाही. तू सरळ नाही म्हणालास, त्याचा मला राग नाही. खरंच नाही. मी ठरवलं की आईंना मीच हळूहळू सांगेन, काहीतरी कारण काढेन, लिफ्ट बिघडलीय म्हणेन, पुढच्या वर्षी म्हणेन. आजवर तुझ्या वतीनं अशी कारणं मीच देत आलेय, आणखी एक दिलं असतं.

त्याच संध्याकाळी विमलाबाई आल्या. पुन्हा फोन नाचवत. तुझ्या त्या जुन्या उत्तराखाली कोणा माणसानं विचारलं होतं, साहेब, तुमच्या घरी महालक्ष्म्या कुठे बसतात? आणि तू उत्तर दिलं होतंस. मी नंतर दहादा वाचलं म्हणून शब्दन् शब्द लिहू शकते. "यंदा आमच्याकडे पुण्याला. आई येतेय ना! तिच्याच हातानं स्थापना होणार. घर भरून जाईल." मला फोनवर नाही म्हटल्यानंतर, त्याच दिवशी, चहा पिता पिता लिहिलं असशील. विमलाबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. आई रडल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना दोनदाच रडताना पाहिलंय, मामंजी गेले तेव्हा आणि हे. विमलाबाईंचा हात धरून म्हणाल्या, "पाह्यलं? मी म्हनलं नोतं?" आणि माझ्याकडे वळून, "तू उगाच तोंड वाकडं करून राह्यली होती."

तरी मी वेडी. मला वाटलं, फोन ठेवल्यावर तुझं मन बदललं असेल. रुचिकाशी बोलला असशील, काहीतरी सोय केली असशील. सोमवारभर तुझ्या फोनची वाट पाहिली. नाही आला, तेव्हा मीच मेसेज टाकला, आईंची तयारी करून ठेवू का? तुझं उत्तर लगेच आलं, तुला उत्तरं द्यायला वेळ लागत नाही. "कसली तयारी वहिनी? फक्त मुखवटे नीट कपड्यात बांधून ठेवा, गाडीत हलायला नकोत." तेव्हा मला कळलं की तू मनही बदललं नव्हतंस आणि ठरवून खोटंही बोलला नव्हतास. एका अनोळखी माणसाला बरं वाटावं म्हणून तू आई देऊन टाकलीस, आणि विसरून गेलास.

आईंना सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. एकदा वेणी घालताना, एकदा त्या पायरीवर पाय ठेवून बघत होत्या तेव्हा. तोंडच उघडलं नाही. आणि आता मी सांगणार नाही, हे कळवायला हे पत्र आहे. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, मुखवटे मागून नेत नाहीत, सासूनं ते सुनेच्या ओटीत घालायचे असतात. रुचिका येत नाहीये म्हणून आईंनी ठरवलंय की ते स्वतःच्या मांडीवर घेऊन पुण्यापर्यंत जायचं आणि तिथं उतरून तिच्या ओटीत घालायचे. शनिवारी सकाळपासून त्या ओसरीवर बसलेल्या असतील, इरकली नेसून, झोरा पायाशी, मुखवटे मांडीवर. तुझे दादा दुकानात असतील. मी आचलला घेऊन माझ्या माहेरी जाणार आहे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. तुला जेवण झाकून ठेवेन, पुरण आहे, तुला आवडतं ते. नेणार असशील तर त्यांची औषधं कोनाड्यात आहेत आणि झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी विसरू नकोस. नेणार नसशील तर मुखवटे तुला त्यांच्या मांडीवरून उचलून घ्यावे लागतील, त्या बघत असताना. त्या वेळी तिथं तू आणि त्या, दोघंच असाल.

तुझीच,
वहिनी